वळणावरचा वेग

"दारात हत्ती पोसलायस नुसता," आई त्याला रोज ऐकवायची. विमा, कर आणि महागडे पेट्रोल यांचे आकडे तिला तोंडपाठ होते. एवढ्याशा गाडीला एवढे दमदार इंजिन कशाला, हे तिला पटतच नसे. तो स्वतः कंपनीच्या बसने जाई आणि गाडी फक्त रविवारी बाहेर काढी. तरीही वर्षभरात टायर गुळगुळीत झाले, तेव्हा टायरवाला हसून म्हणाला, "साहेब, वळणावर जरा वेग कमी करत जा."

त्याच्या मनात पाल चुकचुकली. दुसरी किल्ली स्वयंपाकघरात खुंटीवर असे आणि बायको हल्ली दुपारचा फोन उचलत नसे. ती एवढ्या घाईने जाते तरी कुठे, या विचाराने त्याला घास गोड लागेना. अखेर रात्री जेवताना तिच्याकडे रोखून पाहत तो म्हणाला, "कुणीतरी वळणावर गाडी बेफाम हाकतंय, टायरच सांगतायत. उद्या विकून टाकतो."

बायको शांतपणे ताक ओतत राहिली.

"विकू नकोस रे," आई खाली मान घालून म्हणाली, "यापुढे वळणावर सावकाश घेईन मी."