मागच्या खोलीची खिडकी

बेल वाजली तेव्हा आजी चहा गाळत होत्या. नर्सने दाराच्या भिंगातून पाहिलं. बाहेर घरमालक उभा होता. शेजारी मोजपट्टी आणि वही घेतलेला एक माणूस. हे लोक उद्या यायचे होते.

तिने मागे वळून नुसती मान हलवली. आजींनी गाळणी ठेवली, चपला उचलल्या आणि मागच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. पाच महिन्यांत दोघींना चांगलाच सराव झाला होता.

नर्स आणि तिच्या नवऱ्याच्या भाडेकरारात स्पष्ट लिहिलं होतं: दोन मोठी माणसं, एक मूल. पोटभाडेकरू आढळला तर महिन्याभरात घर रिकामं. हे घर मिळायला आठ महिने लागले होते. तान्हं मूल आणि बेकरीत रात्रपाळी करणारा नवरा म्हटल्यावर लोक दारातूनच वाटेला लावत. पुन्हा ती वणवण नको, एवढंच तिचं मागणं होतं.

आजीही अशाच एक दिवस बेल वाजवून आल्या होत्या. तुमची मुलगी सांभाळते, पगार नको, मागची खोली तेवढी द्या, म्हणाल्या. घरी कोण असतं विचारलं, तर म्हणाल्या, आहेत त्यांचं नाव काढू नका. नर्सने आठवडाभर त्यांच्यावर नजर ठेवली आणि मग तिलाच स्वतःची लाज वाटली. स्वयंपाकघरातला अडणारा खण ओढायचा नाही, जरा वर उचलायचा, हे शिकायला तिला वर्ष लागलं होतं. आजींना पहिल्याच दिवशी जमलं. जुन्या घरांची सवय आहे, म्हणाल्या. महिन्याभरात मुलगी आईपेक्षा त्यांचंच जास्त ऐकायला लागली.

मालकाला कळू द्यायचं नाही, यावर तिच्यापेक्षा आजीच जास्त ठाम होत्या. आपली किती काळजी करतात, असं तिला वाटायचं.

मालकाचं मात्र काही कळत नव्हतं. तीन वर्षं नळ गळतो म्हणून फोन करावा, तर साहेब फोन उचलत नसत. गेल्या तीन महिन्यांत मात्र त्याच्या अंगात पर्यावरण संचारलं होतं. आधी कमी विजेचे दिवे आले. मग पाणी वाचवणारे नळ. मग ऊन आणि थंडी अडवायला छताखाली जाड थर बसवला. आता गच्चीवर सौर बंब आणि सगळ्या खिडक्यांना दुहेरी काचा लागणार होत्या. शेजारीण म्हणाली होती, घर एवढं सुधारतात ते आहे त्या भाडेकरूसाठी नव्हे. तेव्हापासून नर्सला धड झोप लागत नव्हती.

तिने दार उघडलं. वहीवाला तपासनीस निघाला. घरात वीजपाणी किती वाया जातं ते तो बघणार होता. त्याने नळ सोडून पाहिले, खिडक्यांच्या फटींपाशी तळहात धरला, मीटरचे आकडे उतरवले. दोन मोठ्या माणसांच्या मानाने पाणी जास्त जातंय, म्हणाला. लहान मुलीचे कपडे रोज धुवावे लागतात, असं तिने सांगितलं. बोलताना आपला आवाज चढतोय हे तिचं तिलाच कळत होतं.

काहीतरी करायचं म्हणून तिने मालकाला चहा दिला. एरवी हा माणूस पाणीसुद्धा घेत नसे. आज त्याने एक घोट घेतला, थांबला, आणि मग उभ्या उभ्या सगळा कप संपवला.

तपासनीस मागच्या खोलीपाशी आला.

"नवरा झोपलाय," ती घाईने म्हणाली. "रात्रपाळी होती."

"मॅडम, फक्त खिडकीचं माप घ्यायचंय. दोन मिनिटं."

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. तेवढ्यात पुढच्या दाराचं कुलूप फिरलं. लस टोचून आलेल्या मुलीला खांद्यावर टाकून नवरा आत आला आणि मान वर न करता, चपला काढता काढता म्हणाला, "अगं, आजींना सांग, गुडघ्याचं तेल मिळालं."

मग त्याने वर पाहिलं.

तपासनीसाने नवऱ्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. "मग आत कोण झोपलंय?"

ती दाराला आणखीच चिकटून उभी राहिली.

"राहू द्या ती खोली," मालक म्हणाला. "त्या खिडकीचं माप मला पाठ आहे." त्याने वही घेतली, आकडे लिहिले आणि तपासनीसाला बंबाची जागा बघायला गच्चीवर पिटाळलं.

आता तो बोलणार, हे तिला कळून चुकलं. त्याआधीच ती बोलली. चूक आमची आहे, म्हणाली. आम्हाला जा म्हणालात तर जाऊ, पण महिना फार कमी आहे. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"आणि आजींना काही बोलू नका. त्यांना जायला दुसरी जागा नाही हो."

मालक त्या खोलीपासून दोन पावलं लांब सरकला. मग बंद दारापलीकडे जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला, "ताई, घर सोडायला कोण सांगतंय तुम्हाला? फक्त माझी आई इथे आहे हे मला माहीत आहे, एवढं तिला कळू देऊ नका. माझ्या घरातून उठून गेली, तशी इथूनही निघून जाईल."