मागचा डावा कोपरा

मिस्त्रींनी गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातली प्लायची फळी दुसऱ्यांदा खोलली.

"आता ही परत आली, तर हत्यारं खाली ठेवीन," ते लेकीला म्हणाले. "तीस वर्षांत एक काम उलटून दारात आलं नाही. ही बया दोनदा आली."

गाडी म्हणजे चाकांवरचं घर. ओटा, बाक, पलंग, सगळं आत. निवृत्त नर्सबाईंना तिच्यातच राहून उरलेलं आयुष्य फिरत काढायचं होतं. तक्रार एकच: गाडी पळायला लागली की त्या कोपऱ्यातून वाऱ्याची बारीक शीळ येते.

"कसली शीळ? मी स्वतः आत बसून फेरी मारली. चकार आवाज नाही."

"तुम्हीच बसलात ना," लेक म्हणाली.

"मग? माझ्यापेक्षा बाईंना जास्त कळतं?"

लेक आवाज अडवायची लोकर पिंजू लागली.

काम मात्र बघत राहावं असं. मिस्त्रींनी पत्र्याला डांबरी पट्टी चिकटवली, रोलर फिरवून एकेक बुडबुडा हुसकला. पत्र्याच्या बरगड्यांमध्ये लोकर भरली. तान्ह्याला दुपट्यात गुंडाळावं तशी, न आवळता, न सैल सोडता. वर फोम, सांध्यांवर चंदेरी पट्टी, मग फळी. फळीवर टिचकी मारली. टण्ण नाही, नुसतं ठप्प.

"पत्रा झोपला बघ."

"झोपला, बाबा. तुमच्या हाताला तोड नाही," लेक म्हणाली. ते तिने मनापासून म्हटलं.

राहिली शेवटची परीक्षा. त्यांच्या कारखान्याची रीतच होती: मिस्त्रींनी आत डोळे मिटून बसायचं, लेकीने बाहेरून पत्र्याला गजराचं घड्याळ टेकवायचं. टीं टीं ऐकू आली की बोट वर.

घड्याळ घेऊन लेक दाराशी थांबली. "खरं सांगायचं हं, बाबा."

"कामाच्या बाबतीत कधी खोटं बोललोय?"

त्यांनी डोळे मिटले. सरकता दरवाजा लागला, त्याचा धक्का बाकातून जाणवला. मग शांतता, खोल विहिरीच्या तळाशी असते तशी. मिस्त्री वाट बघत राहिले. मांडीवरचं बोट हललं नाही. ओठांवर हसू मात्र पसरत गेलं.

"ये आत," शेवटी त्यांनी हाक मारली. "आणि कळव बाईंना. असं काम या हातांनीसुद्धा आजवर केलं नव्हतं."

दरवाजा आतून लावून घेऊन लेक त्यांच्या शेजारीच बसली होती. तिच्या ओंजळीत घड्याळ मघापासून वाजत होतं.