मकर राशीचं भविष्य

बिल्डरची माणसं टेप लावून संपादकीय विभागाचा हॉल मोजत होती. भिंतींचा हिरवा रंग पार विटला होता. फोटो उतरवलेल्या जागी तेवढा तो ताजा दिसत होता.

बंद पडलेल्या पेपरचे मालक दादासाहेब धुळीनं माखलेल्या टेबलाला टेकले. "हेर्लेकर, मागेही या इमारतीला गिऱ्हाईक आलं होतं. सहीला निघालो आणि आपलाच पेपर उघडला. मकर राशीला छापलं होतं, 'स्थावर मालमत्तेचे व्यवहार टाळावेत.' मी टाळला. पेपर तोट्यात चालतच राहिला. पोरगं अजून ऐकवतं, त्या पैशांत पुण्यात दोन बंगले झाले असते."

त्यांचे जुने उपसंपादक हेर्लेकर भिंतीकडे बघत राहिले. पेपरचं राशिभविष्य लिहिणाऱ्या गुरुजींनी पाठवलेल्या मजकुरात तसं काहीच नव्हतं. ती ओळ हेर्लेकरांनीच घुसवली होती. इमारत गेली असती तर पेपरही गेला असता, आणि मालकांची रास सगळ्या ऑफिसला पाठ होती.

"भविष्यावर कुठे विसंबायचं, दादासाहेब," ते कसेबसे म्हणाले. "गुरुजींचंही चुकतं कधी कधी."

"गुरुजींचं कशाला चुकेल?" दादासाहेबांनी हातावरची धूळ झटकली. "सहीला तोच दिवस शुभ म्हणून गुरुजींनीच मला मुहूर्त काढून दिला होता."

बिल्डर कागद घेऊन पुढे आला. दादासाहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि हेर्लेकरांकडे पाहिलं.

"बोला, आज काय म्हणतेय मकर?"