पारखून निवडलेली स्प्रिंग

नेमबाजीत ती पहिली आली. नियमाप्रमाणे पंचांनी तिच्या पिस्तुलाच्या चापाला वजन अडकवून पिस्तूल वर उचललं; चापाने ते वजन न सुटता पेलायला हवं होतं. वजन टेबलावरून हलायच्या आतच चाप खटकन सुटला. "चाप फार हलका. तुम्ही बाद," पंच म्हणाले. तिने तिथेच पिस्तूल खोललं. तिने पारखून निवडलेली चापाची जाड स्प्रिंग गायब होती. तिच्या जागी भलतीच बारीक होती. लेकीला कडेवर घेऊन नवरा मागेच होता. "मीच बदलली," तो पुटपुटला. "बाळंतपणानंतर तुझ्या बोटात जोर कुठे राहिलाय?" "मला विचारलंस?" "विचारलं असतं तर ऐकलं असतंस?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोट माझं, पिस्तूल माझं, आणि अक्कल तुझी?" ती कडाडली. "हळू बोल, लोक बघतायत," तो म्हणाला. तिने तळहात पुढे केला. "पिस्तुलाच्या कपाटाची तुझ्याकडची चावी दे." चावी मिळेपर्यंत तिने हात मागे घेतला नाही.