दुपारच्या दोन कॅप्सूल

धाकटीने कॅप्सूल अलगद पिळून तिचे दोन भाग वेगळे केले. आतली हिरवी भुकटी खिडकीतल्या कुंडीत गेली. मग चमच्याच्या टोकाने तिने आत पिठीसाखर भरली, टोपण बसवलं आणि कॅप्सूल बाटलीत टाकली. अजून तेरा राहिल्या होत्या. तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेली बाई ती. तिने पुढची उचलली.

चार महिने हा उद्योग चालला होता. कुंडीतल्या झाडाची स्मरणशक्ती एव्हाना चांगलीच तल्लख झाली असणार.

बाटल्या थोरलीचा मुलगा पाठवायचा. तो दूर देशी. आईने एकदा गॅस तसाच चालू ठेवला, एकदा ती स्वतःच्याच गल्लीत घर चुकली, हे ऐकून त्याने डॉक्टरांना गाठलं होतं. डॉक्टर म्हणाले, "गुण येईलच असं सांगत नाही. अपाय मात्र नाही." मुलाने तेवढ्यावर आशा धरली. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "मावशी, आई रोज दोन घेते ना?"

"घेते रे," मावशी सांगायची. तेवढं तरी खरं होतं.

चौदा वर्षं या दोघी बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. वडील शेवटचे तीन दिवस दवाखान्यात होते आणि धाकटीने थोरलीला कळवलंच नाही. दोघींत कसल्याशा बोलाचालीवरून अबोला होता. आधी तिने बोलावं, मग मी सांगेन, असं धाकटीने रागाच्या भरात ठरवलं. वडील काही तेवढे थांबले नाहीत. थोरली पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती तशीच मागे फिरली. घरी गेली, दार लावलं, आणि धाकटीसाठी ते पुन्हा उघडलं नाही.

मग यंदा एके सकाळी भाजीबाजारात कुणीतरी मागून धाकटीचा हात धरला. वळून बघते तर थोरली.

"अगं, आहेस कुठे? किती दिवसांत आली नाहीस घरी." जणू परवाच भेटल्या होत्या.

ही विसरली, धाकटीच्या मनात आलं. बहिणीच्या दुखण्याचा आनंद मानू नये, हे तिला कळत होतं. पण जिवाला गार वाटलं, ते खोटं कसं म्हणायचं? त्या दिवसापासून ती रोज दुपारी थोरलीच्या घरी येऊ लागली. आणि बाटल्या यायला लागल्या तशी तिची झोप उडाली. आठवण परत आली तर ते दार पुन्हा लागणार. म्हणून ही साखर.

बाहेरच्या खोलीत पडदा फुगत होता आणि बसत होता. थोरली पलंगावर डोळे मिटून पडली होती. या वेळी ती झोपेत असायची की जागी, सांगता यायचं नाही.

"पांघरूण सगळं तूच ओढून घेतलंस," ती म्हणाली.

"घे की मग," धाकटी दारातून म्हणाली. लहानपणी माळ्यावर दोघींत एकच पांघरूण होतं. अशा दुपारी त्या खोलीत कुठलं साल चालू आहे, हे धाकटीलाही उमगत नसे. तिला ते फार आवडायचं. फक्त बाबांचा विषय निघाला, की ती चहा ठेवायला उठायची.

"औषध दे गं," थोरलीने डोळे उघडले.

धाकटीने दोन कॅप्सूल आणि पाण्याचा पेला आणला. थोरलीने उशाजवळची बशी पुढे सरकवली. बशीत एकच कॅप्सूल होती, थोडी चेपलेली. खिडकीपासून बशीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

"कालची एक ठेवून दिली होती. औषधाला मुंग्या लागतात का गं? तू इतकी वर्षं दुकानात काढलीस, तुला ठाऊक."

"ताई, मी..." धाकटी म्हणाली.

थोरलीने तिच्या तळहातावरच्या दोन्ही कॅप्सूल उचलल्या, तोंडात टाकल्या आणि वर पाणी प्यायली. "पहिल्याच आठवड्यात एक हातातून पडून उघडली होती. तेव्हाच कळलं." ती पडद्याकडे बघत राहिली. "बाबा गेले तो मंगळवार होता. मला बुधवारी कळलं."

धाकटीने पिशवी उचलली. दाराशी तिला स्वतःच्या चपला दिसेनात, इतके डोळे भरून आले होते. "चुकले मी ताई," ती म्हणाली. "तेव्हाही, आताही. येते मी."

"कुठे निघालीस? चहा व्हायचाय अजून. आणि कॅप्सूलमध्ये साखर भरतेस ती जरा बेताने भर. मला शुगर आहे."

धाकटी दारातच थांबली. "म्हणजे तुला सगळं आठवतंय? केव्हापासून?"

थोरली भिंतीकडे सरकली आणि पांघरुणाची एक बाजू उचलून तिने पलंगावर जागा केली.

"गॅस विसरते, रस्ता विसरते. ते कुठे विसरता येतंय? बाजारात तुझा हात धरला ना, तेव्हाही सगळं आठवत होतं."