अंगठा

वांड पोरांना मोटारीच्या कामाला लावून माणसात आणता आणता हैदर मिस्त्री पार थकले होते. निम्मी पोरं पळून गेली. आता हाताखाली नागनाथ होता, बापाच्या डोक्यात पहार घातलेला. जहागीरदारानं हैदराबादला जाताना सोडलेल्या मोटारीपाशी मिस्त्री त्याला रोज बजावत, "मोटार चालू करायला पुढनं हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. मूठ आवळलीस तर उलट्या झटक्यानं अंगठा मोडंल." आज नागनाथनं हँडल उचललं आणि नेमका बाप सास्तूरहून आला. कपाळावरचा व्रण दाखवत म्हणाला, "मिस्त्री, लोखंड कुणाच्या हातात देताय? उद्या तुमचंबी डोस्कं फोडंल ह्यो." नागनाथची मूठ हँडलभोवती गच्च आवळली. मधे पडायचं बळ मिस्त्रींच्या अंगात उरलं नव्हतं. ते नुसते त्या अंगठ्याकडं बघत राहिले. अंगठा हळूहळू उघडला, बोटांशेजारी जाऊन बसला. बापाकडं पाठ करून नागनाथ मोटारीपुढं वाकला.