जळल्या लोकरीचा वास

नगरच्या प्रदर्शनात गिऱ्हाईक बाईंनी पर्समधून काडेपेटी काढली. "धागा जाळून बघते. केस जळल्यासारखा वास आला, तरच खरी लोकर."

विकायला बसलेल्या मच्छिंद्रनं समोरची घोंगडी हळूच आपल्याकडं ओढली. यंदा त्यानं घोंगड्यांत निम्मं प्लास्टिकचं सूत विणलं होतं.

शेजारी टेकलेल्या म्हाळूआबा धनगरांनी त्या घोंगडीवरून हात फिरवला. हात मधेच थबकला. "थांबा ताई, म्या देतो काढून."

धागा जळला. वास अस्सल आला. बाई घोंगडी घेऊन खुशीत गेल्या.

आबा खांद्यावरची जुनी घोंगडी सावरत उठले.

"ह्या माझ्या घोंगडीचा हुता त्यो धागा. तुझ्या बापानं जायच्या आधी विणल्याली. तुझ्यापायी आज त्याला दुसऱ्यांदा जाळलं, पोरा."